खोटं पकडणारी फिरती पेटी

दोस्तांनो, तुमच्या वर्गात कधी कुणाची कंपासपेटी हरवली आहे का? बाई विचारतात, "कुणी घेतली? खरं सांगा." सगळा वर्ग चिडीचूप. आणि बाईंची नजर फिरत फिरत नेमकी तुमच्यावर येऊन थांबते. खरं तर ती कंपासपेटी तुम्ही धड पाहिलेलीसुद्धा नसते. तरी कान गरम होतात, छातीत धडधडायला लागतं, तळहात ओले होतात. तेवढ्यात शेजारचा शहाणा म्हणतो, "बाई बाई, याचा चेहरा बघा कसा झालाय!" झालं! आता तुम्ही कितीही शपथा घ्या.

हीच धडधड आणि हाच घाम कागदावर उतरवून घेणारं एक यंत्र आहे. त्याचं नाव पॉलिग्राफ. सिनेमावाले आणि वर्तमानपत्रवाले त्याला 'खोटं पकडणारं यंत्र' म्हणतात. हे यंत्र प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात गप्प बसून राहिलेलं नाही. ते बँकांमध्ये गेलं, तुरुंगात गेलं, हॉटेलच्या खोल्यांत गेलं, लढाईच्या छावण्यांत गेलं. पेटी उचलायची आणि निघायचं! पण पेटी उचलून नेली म्हणजे सगळंच बरोबर नेता येतं का? आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

सुरुवात करू या आपल्याच घरातून, म्हणजे तांदळाच्या डब्यातून. आपल्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांत 'दिव्यां'ची वर्णनं आहेत. माणूस खरा की खोटा हे ठरवण्यासाठी त्याला कसोटीला लावायचं, ते दिव्य. अग्निदिव्य, जलदिव्य ही नावं तुम्ही गोष्टींत ऐकली असतील. त्यांतच एक 'तंडुल दिव्य' होतं, म्हणजे तांदळाचं दिव्य, आणि ते खास चोरीच्या आरोपासाठी असे. संशयिताला तांदूळ चावायला लावायचे आणि थुंकायला सांगायचं. त्यात रक्त दिसलं किंवा त्याचा जबडा थरथरला, की तो चोर!

यात थोडं शास्त्र आहे, बरं का. माणूस घाबरला की तोंडाला कोरड पडते. कोरड्या तोंडात कोरडे तांदूळ चावले तर हिरड्यांना खरचटणारच. आणि सोय किती! मूठभर तांदूळ कुठंही नेता येतात. पण तुमच्या लक्षात आलंच असेल, की तोंडाला कोरड पडते ती भीतीनं, चोरीनं नव्हे. चारचौघांत उभं करून कुणी "चाव" म्हटलं तर निरपराध माणसाच्या तोंडात तरी लाळ कुठून येणार? तांदूळ मागे पडले, यंत्र आलं, तरी ही अडचण जशीच्या तशी राहिली. ती कशी, ते पुढे दिसेलच.

आता गंमत ऐका. पॉलिग्राफ हे नाव मिळालेलं सुरुवातीचं एक यंत्र चोरांसाठी नव्हतंच मुळी. इंग्लंडमधल्या बर्नली गावी जेम्स मॅकेन्झी नावाचे एक डॉक्टर होते. कोट चढवून घरोघरी रोगी तपासत हिंडणारे. हृदयाचे ठोके नेमके कुठं चुकतात हे समजावं म्हणून मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेची हालचाल एकाच वेळी कागदावर उमटवायची, असं त्यांच्या मनात होतं. एका घड्याळजीची मदत घेऊन त्यांनी शाईनं रेघा काढणारं छोटं यंत्र तयार केलं. 'पॉली' म्हणजे अनेक आणि 'ग्राफ' म्हणजे लिहिणं. अनेक रेघा एकदम लिहितो तो पॉलिग्राफ. म्हणजे हे यंत्र जन्मापासूनच रोग्याच्या खाटेपाशी उचलून नेण्यासाठी होतं!

तपासकामात ते आणलं अमेरिकेनं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराच्या पोलिसदलात जॉन लार्सन नावाचा एक तरुण होता. शरीरशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला पोलीस! १९२१ साली त्यानं श्वास आणि रक्तदाब यांच्या सलग रेघा काढणारं यंत्र जुळवलं. पण ते होतं मोठं बोजड. काजळी धरलेल्या कागदावर टोचणीनं रेघ उमटायची, आणि सगळं मांडायलाच बराच वेळ लागायचा.

त्याच पोलिसठाण्यात शाळेतला एक मुलगा सारखा घुटमळत असे. त्याचं नाव लिओनार्ड किलर. त्याचे वडील कवी होते, आणि त्यांनी मुलाचं नाव ठेवलं होतं लिओनार्दो दा व्हिंचीवरून. लार्सनचं ते अवजड प्रकरण पाहून या पोराच्या डोक्यात किडा वळवळला. हे यंत्र एका पेटीत का मावू नये? त्यानं काजळीचा कागद काढून टाकला आणि शाईचे टाक बसवले. १९३१ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. आता यंत्र हातात धरून आगगाडीत चढता येत होतं. किलर ते घेऊन शिकागोच्या बँकांमध्ये गेला आणि तिथल्या कारकुनांना खुर्चीत बसवून तपासू लागला. फिरत्या पॉलिग्राफचा जमाना असा सुरू झाला. गुरू लार्सन मात्र पुढे या सगळ्यावर नाराज झाला. आपल्या यंत्राचा असा बाजार व्हावा हे त्याला पटलं नाही.

बरं, हे यंत्र खोटं पकडतं तरी कसं? सरळच सांगतो. पकडत नाही! खोटं बोलल्याची अशी एखादी खास खूण माणसाच्या शरीरात नाहीच. छातीभोवती आणि पोटाभोवती दोन पन्हळीदार नळ्या बांधतात, त्यांवर श्वास कळतो. दंडाला डॉक्टरकाका बांधतात तसा पट्टा असतो, त्यावर रक्तदाब आणि नाडी कळते. दोन बोटांना छोट्या पट्ट्या असतात. घाम आला की कातडीतून वीज सहज वाहते, ते या पट्ट्या टिपतात. पूर्वी या रेघा टाकांनी कागदावर उमटत, आता संगणकाच्या पडद्यावर उमटतात. एवढंच.

सिनेमात दाखवतात तसे प्रश्न अचानक अंगावर फेकत नाहीत, हेही सांगून ठेवतो. प्रत्येक प्रश्न आधी वाचून दाखवतात आणि त्यावर बोलतात. मग यंत्र सुरू करून तेच प्रश्न विचारतात. उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. एका प्रश्नानंतर वीस-पंचवीस सेकंद गप्प राहायचं, म्हणजे रेघ पुन्हा जागेवर येते. दंडाचा पट्टा फुगवलेला असल्यानं हाताला मुंग्या येतात, म्हणून एक फेरी काही मिनिटांतच आटोपावी लागते. मग पट्टा सैल करायचा, थोडं थांबायचं आणि तेच प्रश्न पुन्हा. अशा किमान तीन फेऱ्या होतात. आधीचं बोलणं धरून दोन-तीन तास सहज जातात.

प्रश्नांतही एक डाव असतो. "दुकानातले पैसे तू घेतलेस का?" हा झाला मुद्द्याचा प्रश्न. त्याच्या जोडीला असतो, "यापूर्वी कधी कुणाची वस्तू न विचारता घेतली आहेस का?" आता असं कधीच केलं नाही असा माणूस सापडणं कठीण, नाही का? कल्पना अशी, की चोर पहिल्या प्रश्नाला जास्त दचकेल आणि निरपराध माणूस दुसऱ्याला. दोन्हींच्या रेघा शेजारी ठेवून निकाल काढायचा. कल्पना मोठी हुशारीची आहे. पण चोरीचा खोटा आळ आलेला माणूस "पैसे तू घेतलेस का?" ऐकूनच जास्त दचकला तर? कंपासपेटीची गोष्ट आठवा!

आणि इथंच जागेचा प्रश्न येतो.

समजा, एका परीक्षकाला दूरच्या तालुक्याच्या गावी चाचणी घ्यायची आहे. तिथं प्रयोगशाळा नाही. मिळेल ती खोली घ्यायची. विश्रामगृहातली घ्या, नाहीतर सुट्टीत रिकामा पडलेला शाळेचा वर्ग घ्या. यंत्र आता एवढंसं आहे, लॅपटॉपच्या पिशवीत मावतं. वीज गेली तरी बॅटरीवर चालतं. मग अडचण कुठं आहे?

अडचण आहे भिंतीवरच्या कालनिर्णयात! तुम्ही हसाल. पण परीक्षकाला समोरची भिंत कोरी लागते. कॅलेंडर, फोटो, खिडकी, घड्याळाची टिकटिक, काहीही समोर असेल तर मन तिकडे धावतं, आणि मन धावलं की रेघ हलते. म्हणून खुर्ची अशी ठेवायची, की बसणाऱ्याला भिंतीशिवाय काही दिसू नये. परीक्षक स्वतःसुद्धा एका बाजूला किंवा मागे बसतो. खुर्ची हातांची हवी आणि चार पायांवर घट्ट उभी हवी. फिरती नको, कुरकुरणारी नको. प्लॅस्टिकची वाकणारी खुर्ची तर नकोच. बसणारा मुद्दाम पाय आवळतो आहे का हे टिपायला बैठकीखाली हल्ली वेगळी गादी घालतात. खुर्चीच डुगडुगली, तर ती गादी बिचारी काय टिपणार?

मग पंखा. लावला तर खडखड करतो आणि बोटं गार पडतात. गार बोटांना घाम येत नाही, म्हणजे एक रेघ मेलीच. बंद केला तर मे महिन्यात माणूस घामानं निथळतो. सगळीच कातडी ओली झाल्यावर भीतीचा घाम कुठला आणि उकाड्याचा कुठला, हे यंत्राला कुठून कळणार? बाहेर एस्टीचा हॉर्न वाजला, शेजारी कुकरची शिट्टी झाली, चहावाल्या पोरानं दार ढकललं. प्रत्येक वेळी छातीत धस्स होतं, आणि यंत्र इमानेइतबारे ते धस्स लिहून ठेवतं. परीक्षक चांगला असेल तर रेघेवर तिथल्या तिथं खूण करतो, 'इथं बाहेर आवाज', 'इथं खोकला', 'इथं हालचाल'. मग तो थांबतो आणि प्रश्न पुन्हा विचारतो. घाई असलेला परीक्षक काय करत असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

आणि माणसाचं काय? रात्रभर जागलेला, उपाशी, तापानं फणफणलेला माणूस चाचणीला बसवू नये असा नियम आहे. परगावी आलेल्या परीक्षकाला मात्र संध्याकाळची परतीची गाडी खुणावत असते!

१९४८ साली 'कॉल नॉर्थसाइड ७७७' नावाचा एक अमेरिकन चित्रपट आला होता. एका खऱ्या खटल्यावर आधारलेला. न केलेल्या खुनासाठी एक माणूस तुरुंगात खितपत पडलेला आहे, आणि एक वार्ताहर त्याच्या सुटकेसाठी धडपडतो आहे. या चित्रपटात पेटी थेट तुरुंगात येते, आणि चाचणी घेणारा परीक्षक कोण? खुद्द लिओनार्ड किलर! त्यानं स्वतःचीच भूमिका केली आहे. चाचणीत कैदी खरं बोलतो असं दिसतं. पण तो सुटतो का? नाही. पुढे एका जुन्या छायाचित्रात वर्तमानपत्राचा गठ्ठा दिसतो. ते छायाचित्र पुन्हा पुन्हा मोठं केल्यावर वर्तमानपत्रावरची तारीख वाचता येते, साक्षीदाराचं खोटं उघडं पडतं आणि मग कैदी मोकळा होतो. पॉलिग्राफचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता स्वतः पडद्यावर असताना खरा पुरावा ठरला तो एक फोटो. मला तर हा चित्रपटातला सगळ्यात मजेचा भाग वाटतो.

हेरांच्या जगातही पेटी खूप फिरली. अमेरिकेची गुप्तहेर संघटना सीआयए आपल्या परीक्षकांना सूटकेसमधलं यंत्र देऊन परदेशी पाठवत असे. तिथं कुठली प्रयोगशाळा? हॉटेलची खोली, नाहीतर गुपचूप भाड्यानं घेतलेलं घर. तिथं बसवून आपल्यासाठी काम करणारे परदेशी हेर खरे आहेत ना, हे तपासायचं. मग १९८७ साली क्यूबाचा एक गुप्तचर अधिकारी फुटून अमेरिकेकडे आला, आणि त्यानं सांगितलं, की तुमचे क्यूबातले बहुतेक सगळे हेर आमचेच आहेत! त्यांतले कितीतरी जण पॉलिग्राफ चाचणी देऊन 'उत्तीर्ण' झालेले होते.

"खोली नीट नसेल," असं तुम्ही म्हणाल. तर मग आल्ड्रिच एम्सची गोष्ट ऐका. हा सीआयएचाच अधिकारी, आणि तोच रशियाला गुपितं विकत होता. १९८६ मध्ये आणि पुन्हा १९९१ मध्ये त्याची चाचणी झाली. यंत्र उत्तम, परीक्षक संघटनेचेच. दोन्ही वेळा गडी पार! रशियनांनी त्याला सल्ला काय दिला होता माहीत आहे? रात्री छान झोप घे आणि निवांत राहा. शेवटी १९९४ मध्ये तो पकडला गेला. तेव्हा खोली चांगली मिळाली म्हणून निकाल खरा ठरतोच असं नाही. खोली वाईट असेल तर मात्र असलेली शक्यताही कमी होते.

२००८ साली तर पेटी आणखी आकसली आणि तळहातावर आली. अमेरिकन लष्करानं अफगाणिस्तानात एक छोटं उपकरण पाठवलं. बोटांना घाम आणि नाडी मोजणारे चिमटे लावायचे, प्रश्न विचारायचे, आणि पडद्यावर रंग पाहायचा. हिरवा म्हणजे खरं, लाल म्हणजे खोटं, पिवळा म्हणजे सांगता येत नाही. श्वास नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही, वर्षानुवर्षं शिकलेला परीक्षकही नाही. थोडंसं शिक्षण घेतलेला सैनिक ते चालवणार. आणि ते अमेरिकन माणसांवर वापरायचं नाही, फक्त स्थानिक लोकांवर वापरायचं असा नियम होता. का बरं असेल?

आता त्या छावणीत नोकरी मागायला आलेल्या एखाद्या अफगाण माणसाच्या जागी स्वतःला बसवून पाहा. समोर परक्या देशाचा शस्त्रधारी सैनिक आहे. प्रश्न त्याच्या भाषेत, उत्तर तुमच्या भाषेत आणि मध्ये दुभाषा. बाहेर गाड्यांची घरघर चालू आहे. हृदय शांत ठेवा म्हटलं तर ते राहील का?

यात किती निरपराध माणसं सापडू शकतात, याचा हिशेब अमेरिकेतल्या नॅशनल रिसर्च कौन्सिल या संस्थेनं २००३ मध्ये करून दाखवला. गणित आवडणाऱ्यांनी लक्ष द्या! समजा, एका संस्थेत १०,००० माणसं आहेत आणि त्यांत १० हेर आहेत. यंत्र बऱ्यापैकी अचूक आहे असं धरून चाला. त्या १० पैकी ८ हेर सापडावेत इतकी चाचणी कडक केली, तर त्यांच्याबरोबर आणखी किती जण 'खोटे' ठरतील? सुमारे १,६००! म्हणजे एका हेरामागे दोनशे निरपराध. आणि दोन हेर हातातून सुटलेले ते वेगळेच.

आपल्या देशातही ही चाचणी होते. मुंबईत कालिना इथल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत ती घेतात. काही वेळा यंत्र आरोपीकडे नेतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या एका गाजलेल्या प्रकरणात सीबीआयनं मुख्य आरोपीची चाचणी प्रेसिडेन्सी तुरुंगात जाऊनच घेतली होती.

पण आपल्याकडे खोलीचा विचार पंखा-खुर्चीच्या पलीकडे गेला आहे, आणि तो केला आहे सर्वोच्च न्यायालयानं. ५ मे २०१० रोजी 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्याचा निकाल लागला. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या पीठानं सांगितलं, की कुणाचीही पॉलिग्राफ चाचणी त्याच्या इच्छेविरुद्ध घेता येणार नाही. आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदात लिहिलेलंच आहे, की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. तोंडानं वदवून घ्यायचं नाही, तर मग घामाकडून तरी का वदवून घ्यायचं?

"तो तयार आहे, त्यानं होकार दिलाय," असं कुणी म्हटलं तर? तर तो होकार न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर द्यावा लागतो. वकील भेटू द्यावा लागतो. चाचणीची नोंद रुग्णालयासारख्या एखाद्या स्वतंत्र संस्थेनं आणि वकिलाच्या देखत करावी लागते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २००० साली घालून दिलेले हे नियम न्यायालयानं या निकालात उचलून धरले. याचं कारण समजायला अवघड नाही. कोठडीत, दारावर शिपाई उभा असताना "चाचणी देतोस ना?" या प्रश्नाला 'नाही' म्हणायची हिंमत किती जणांना होईल? तिथला 'हो' खरा की भीतीचा, हे सांगणारं यंत्र अजून निघालेलं नाही. आणि एवढं सगळं पाळून घेतलेल्या चाचणीचा निकालसुद्धा न्यायालयात आपोआप पुरावा ठरत नाही. त्या चाचणीच्या मदतीनं एखादी वस्तू, एखादी माहिती प्रत्यक्ष हाती लागली तरच तिचा विचार होतो.

आता घरच्या घरी करायचा एक प्रयोग. वही-पेन्सिल आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्या. पाच मिनिटं शांत खोलीत बसा. मग मनगटावर दोन बोटं ठेवून एक मिनिटभर नाडी मोजा आणि आकडा लिहा. नंतर स्वयंपाकघरात, कुकर शिट्टीला आलेला असताना मोजा. मग दादाला किंवा ताईला समोर हाताची घडी घालून, डोळे वटारून उभं राहायला सांगा, सतरा ते एकोणीसचे पाढे विचारायला सांगा, आणि आईला नाडी मोजायला सांगा. तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. मग बाबांना खुर्चीत बसवून हेच सगळं त्यांच्यावर करा. फक्त एक अट आहे, प्रयोग संपेपर्यंत कुणीही एकसुद्धा खोटं बोलायचं नाही!